फेडमध्ये लुकलुकणारे दिवे, ब्लॅकआउटला न विझणारे पार: चॅनल सेटिंगचा नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

"मागच्या प्रयोगाला सगळं व्यवस्थित होतं. फाइल तीच, लॅपटॉप तोच. आज मात्र दिवे मनाला येईल तसं वागतायत." नाट्यस्पर्धेच्या दिवसांत नाशिकमधल्या हौशी संस्थांच्या दिवे चालवणाऱ्या ऑपरेटरांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. एक प्रयोग कालिदास कलामंदिरात, पुढचा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, मध्ये कुसुमाग्रज स्मारकात छोटा कार्यक्रम आणि लग्नसराईत गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर संगीत. दिवे बहुतेक भाड्याचे, म्हणून दरवेळी वेगळे. शोची फाइल मात्र पुढे पुढे नेली जाते आणि घोळ तिथेच सुरू होतो.

हा लेख क्यूएलसी प्लस (लॅपटॉपवरून रंगमंचावरचे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर) डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि आपल्याकडे कॉलेजच्या एकांकिकांपासून मंडळांच्या देखाव्यांपर्यंत सर्रास वापरलं जातं. मेनूची नावं त्याच्या चार क्रमांकाच्या आवृत्त्यांमधली आहेत. तत्त्व मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला किंवा कन्सोलला तेच लागू पडतं. चॅनल म्हणजे दिव्याच्या एकेका गुणासाठीची (उजेड, रंग, फिरणं) वेगळी वाट, आणि प्रत्येकीवर ० ते २५५ मधला एक आकडा जातो.

तक्रारी साधारण चार प्रकारच्या असतात. दृश्य हळूहळू उजळायला हवं (यालाच फेड म्हणतात) तिथे दिवा मधेच स्ट्रोब मारतो, म्हणजे झपझप उघडझाप करतो. निळा मागितला की जांभळा मिळतो. ब्लॅकआउट (पूर्ण काळोख) दिला तरी एक-दोन पार (एका जागी स्थिर राहणारे साधे झोतदिवे) चालूच राहतात. मूव्हिंग हेड (मान फिरवणारा दिवा) एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना मधले सगळे रंग दाखवत जातो. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो, मग लॅपटॉपला दिव्यांच्या तारेशी जोडणाऱ्या यूएसबीच्या डबीवर आणि शेवटी दिवे देणाऱ्यावर. केबल आणि डबी बिघडतात हे खरंच, पण वरच्या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा चॅनलच्या सेटिंगमध्ये असतं आणि ते लॅपटॉपवर किंवा दिव्याच्या स्वतःच्या मेनूत दुरुस्त होतं.

आधी बाजू ठरवा

शिडी लावण्याआधी एक काम करा. क्यूएलसी प्लसमधला मॉनिटर उघडा. कुठल्या चॅनलवर किती आकडा बाहेर जातोय हे तिथे दिसतं. आता जो क्यू (दिवे बदलायची ठरलेली पायरी) बिघडतोय तो चालवा आणि एकाच दिव्याच्या चॅनलांकडे बघा. मॉनिटरमध्ये आकडे तुम्हाला हवे तसेच असतील आणि दिवा वेगळंच करत असेल, तर भानगड दिव्याच्या मोडमध्ये (तो किती आणि कुठले चॅनल ऐकतो), ॲड्रेसमध्ये (त्याचे चॅनल कुठल्या क्रमांकापासून सुरू होतात) किंवा तारेत आहे. मॉनिटरमधले आकडेच चुकीचे असतील, तर दिव्याला हात लावूच नका, उत्तर सॉफ्टवेअरमध्ये आहे. या एका पाहणीनं अर्धी वणवण वाचते. तालमीच्या गडबडीत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग धडधाकट केबली बदलण्यात तास जातो.

रंग बरोबर आहेत, म्हणून मोडही बरोबर असेल असं नाही

एका एकांकिकेच्या रंगीत तालमीत घडलेली गोष्ट सांगतो. ऑपरेटर मुलगी विंगेतून ओरडली, "दादा, ब्लॅकआउट दिलाय, तरी डावीकडचे दोन पार चालूच आहेत! आणि स्ट्रोब दाबला की ते पांढरे होतायत." तिनं पॅच, म्हणजे कुठला दिवा कुठल्या चॅनलांवर आहे याची सॉफ्टवेअरमधली मांडणी, तपासला होता. लाल दिला की लाल, हिरवा दिला की हिरवा, निळा दिला की निळा. म्हणून पॅचवर तिचा संशय जाण्याचं कारणच नव्हतं.

पॅचमध्ये सगळे पार सात चॅनलचे होते: पहिला डिमर (उजेड कमी-जास्त करणारा), मग लाल, हिरवा, निळा, पाचवा स्ट्रोब, सहावा फंक्शन आणि सातवा स्पीड. ॲड्रेसही त्याच हिशेबानं लावलेले होते: १, ८, १५, २२, २९ असे. डावीकडचे दोन पार मात्र दुसऱ्या पुरवठादाराकडून आले होते आणि ते आठ चॅनलच्या मोडमध्ये होते: डिमर, लाल, हिरवा, निळा, पाचवा पांढरा, सहावा स्ट्रोब, सातवा फंक्शन, आठवा स्पीड.

आता जुळवून बघा. पहिले चार चॅनल दोन्हीकडे तेच. म्हणून लाल-हिरवा-निळा तंतोतंत बरोबर येतो आणि माणूस निर्धास्त होतो. सॉफ्टवेअर पाचव्यावर स्ट्रोब पाठवतं, दिवा तो पांढरा समजतो. सॉफ्टवेअर सातव्यावर स्पीड पाठवतं, दिवा तो फंक्शन समजतो. एका सीनमध्ये (साठवून ठेवलेल्या आकड्यांच्या संचात) स्पीड अर्ध्यावर सेव्ह झाला होता आणि त्या पारमध्ये फंक्शनचा तेवढा आकडा म्हणजे 'स्वतःचा कार्यक्रम चालू कर' असा हुकूम होता. त्या कार्यक्रमात गेल्यावर पार डिमर चॅनलकडे बघतच नव्हता. क्यूएलसी प्लसचं ब्लॅकआउट बटण प्रखरतेचे चॅनल शून्यावर आणतं, बाकीचे आहेत तिथेच ठेवतं. डिमर शून्य झाला, फंक्शन तसंच राहिलं आणि पार नाचत राहिले.

दिव्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आठचा मोड बदलून सातचा केला आणि दोन्ही तक्रारी एका दमात गेल्या. त्या पारमध्ये सातचा मोड होता म्हणून हे जमलं. तो नसता, तर सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन दिव्यांसाठी आठ चॅनलचं वेगळं फिक्स्चर (सॉफ्टवेअरमधली दिव्याची नोंद) घ्यावं लागलं असतं, आणि ॲड्रेसही सरकवावे लागले असते. नाहीतर पहिल्याचा आठवा चॅनल आणि दुसऱ्याचा पहिला चॅनल एकमेकांवर चढतात.

म्हणून दिवे उतरवल्यावर, वर टांगण्याआधी, प्रत्येक पुरवठादाराच्या मालातला एक नग जमिनीवर घ्या आणि त्याची एकेका चॅनलची परीक्षा करा. सिंपल डेस्क (एकेक चॅनल हातानं वर-खाली करायची क्यूएलसी प्लसमधली जागा) उघडा, सगळं शून्यावर आणा आणि पहिला चॅनल सावकाश २५५ पर्यंत न्या. काहीच झालं नाही तर बहुधा तो डिमर आहे. तो तसाच वर ठेवून दुसरा चढवा. लाल आला? लिहून घ्या. असं शेवटच्या चॅनलपर्यंत जा. स्ट्रोब आणि फंक्शन या दोन चॅनलांवर घाई करू नका. तिथे आकड्यांचे पट्टे असतात आणि कुठल्या आकड्याला काय सुरू होतं हे टिपून घेतलं की पुढे फार उपयोग होतो. भाड्याच्या दिव्यांबरोबर माहितीपुस्तिका सहसा येत नाही, आली तरी ती दुसऱ्याच मॉडेलची निघते. हा हातानं केलेला कागद तिच्यापेक्षा भरवशाचा.

परीक्षा झाली की सिंपल डेस्क रीसेट करायला विसरू नका. तिथे वर ठेवलेला चॅनल सिंपल डेस्कच्या ताब्यात राहतो, तुमचे सीन त्याला हलवू शकत नाहीत आणि मग नवीनच कोडं उभं राहतं.

फेडमध्ये स्ट्रोब: 'कॅन फेड'ची खूण

आता मॉनिटरवर आकडे चुकीचे दिसतात त्या बाजूला येऊ. खरं म्हणजे इथे आकडे चुकीचे नसतात, ते चुकीच्या वाटेनं प्रवास करत असतात.

मूव्हिंग हेडमध्ये शटर नावाचा, झोत उघडणारा-बंद करणारा चॅनल असतो. प्रत्येक मॉडेलमध्ये पट्टे वेगळे, पण नमुना असा: ० ते ७ बंद, ८ ते १५ उघडं, १६ ते १३१ हळू ते जलद स्ट्रोब, पुढे आणखी दोन-तीन प्रकारचे ठोके आणि अगदी शेवटी पुन्हा उघडं. समजा अंधाराच्या सीनमध्ये तुम्ही शटर ० ठेवलंय आणि उजेडाच्या सीनमध्ये २५५. क्यूला पाच सेकंदांचा फेड दिलाय. सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे शटरही ० वरून २५५ पर्यंत पाच सेकंदांत चढवत नेतं. त्यातली सव्वादोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ आकडा १६ ते १३१ च्या पट्ट्यात असतो. तेवढा वेळ रंगमंचावर स्ट्रोब. नायिकेच्या एकटीच्या प्रवेशाला हे झालं की प्रसंग गेलाच.

क्यूएलसी प्लसमध्ये प्रत्येक चॅनल सुरुवातीला 'फेड होऊ शकतो' असाच धरलेला असतो. तो बदलायची जागा अशी: डिझाइन मोडमध्ये या, फिक्स्चर्सच्या टॅबवर जा आणि वरच्या पट्टीतून चॅनल प्रॉपर्टीज उघडा. युनिव्हर्स (चॅनलांचा एक संच), त्याखाली फिक्स्चर, त्याखाली चॅनल अशी उतरंड दिसेल. प्रत्येक चॅनलसमोर 'कॅन फेड'ची खूण असते. शटर, स्ट्रोब, कलर व्हील, गोबो (झोतात नक्षी पाडणारी चकती), गोबोचं फिरणं, प्रिझम, मॅक्रो, फंक्शन, स्पीड, रीसेट या सगळ्यांची खूण काढा. हे चॅनल मग फेडचा वेळ न पाळता थेट नव्या आकड्यावर उडी मारतात. मोठ्या कन्सोलवर यालाच स्नॅप म्हणतात.

डिमर, लाल-हिरवा-निळा-पांढरा, पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वर-खाली फिरणं), झूम आणि फोकस यांची खूण राहू द्या. पॅन आणि टिल्टला बारीक चॅनल (मुख्य, जाड्या चॅनलच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर भरणारा) वेगळा असेल, तर जाडा आणि बारीक दोघांची खूण सारखीच ठेवा. एक सरकतो आणि दुसरा उडी मारतो अशी जोडी झाली की दिवा झटके देत फिरतो. बारीक चॅनल अजिबात वापरत नसाल तर तोही विचार करण्यासारखा आहे. ५४० अंश फिरणाऱ्या हेडला एकट्या जाड्या चॅनलवर २५५ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी दोन अंशांहून थोडी जास्त. आठ मीटरवरच्या नटापर्यंत पोचेपर्यंत ती साधारण फूटभराची उडी होते. सावकाश फिरणारा झोत हवा असेल तर बारीक चॅनलवाला मोडच निवडा.

खिडकीच्या खाली त्याच प्रकारच्या सगळ्या फिक्स्चरना बदल लागू करण्याची एक चौकट आहे. तिच्यावर आधी खूण करा, मग बदल करा. नाहीतर आठ हेडपैकी एकालाच सेटिंग लागतं आणि बाकी सात पुन्हा स्ट्रोब मारतात.

खूण काढल्यावर एक नवी गोष्ट लक्षात येईल. रंग आता सरकत नाही, पण क्यू सुरू होताक्षणी उडी मारतो, आणि त्या क्षणी जुना डिमर अजून वरच असतो. म्हणजे दिवा उजळलेला असतानाच खटकन रंग बदलताना प्रेक्षकांना दिसतो. यावरचा उपाय सेटिंगमध्ये नाही, क्यूच्या रचनेत आहे. मध्ये एक पायरी घाला: आधी डिमर शून्यावर, मग अंधारात रंग, गोबो आणि जागा बदला, मग डिमर वर. मी तर म्हणेन की शटर सगळ्या सीनमध्ये कायम उघडंच ठेवा, स्ट्रोब मुद्दाम हवा असेल तेवढा सीन सोडून. काळोख डिमरनं करायचा, शटरनं नाही. हा नियम पाळणाऱ्या ऑपरेटरकडे फेडमधल्या स्ट्रोबची तक्रार येतच नाही, खूण काढलेली असो वा नसो.

निळ्याचा जांभळा का होतो

याच खिडकीत 'बिहेवियर' नावाचा रकाना आहे. त्यात दोनच पर्याय: एचटीपी आणि एलटीपी. एकाच चॅनलवर दोन सीन एकाच वेळी आकडे पाठवत असतील, तर एचटीपीमध्ये मोठा आकडा जिंकतो, एलटीपीमध्ये नंतर आलेला. क्यूएलसी प्लस प्रखरतेच्या चॅनलांना एचटीपी धरतं, बाकी सगळ्यांना एलटीपी.

गोम अशी की लाल, हिरवा आणि निळा हेही प्रखरतेचेच चॅनल धरले जातात. लाल सीनचं बटण चालू आहे आणि ते बंद न करता तुम्ही निळ्या सीनचं बटण दाबलं. लाल चॅनलवर पहिल्या सीनचा २५५, दुसऱ्याचा ०, मोठा जिंकला. निळ्यावरही २५५. दोन्ही मिळून जांभळा. सॉफ्टवेअर बरोबर वागलंय, तुम्हाला ते नको होतं एवढंच.

पहिला उपाय म्हणजे जुना सीन बंद होईल अशी व्यवस्था करणं. व्हर्च्युअल कन्सोलवर (आपली बटणं मांडायच्या पडद्यावर) रंगांची बटणं एका सोलो फ्रेममध्ये ठेवा: एक दाबलं की दुसरं आपोआप सुटतं. नाटकाला तर बटणांपेक्षा क्यू लिस्टच बरी, एक पायरी गेली की पुढची. बहुतेक नाटकांना एवढ्यावर भागतं आणि बिहेवियरला हात लावावाच लागत नाही.

दुसरा उपाय म्हणजे रंगांचे चॅनल एलटीपी करणं. हा चांगला आहे, पण एका अटीवर: दिव्याला वेगळा डिमर चॅनल हवा. तेव्हा डिमर एचटीपी आणि रंग एलटीपी ही जोडी उत्तम चालते. पण तीनच चॅनलच्या पारमध्ये, जिथे लाल-हिरवा-निळा हाच उजेड असतो, तिथे रंग एलटीपी केलेत तर सीनचं बटण बंद केल्यावरही दिवा विझत नाही. कारण एलटीपी चॅनल शेवटच्या आकड्यावर तसाच थांबतो. "बटण बंद केलं तरी दिवा जात नाही" ही तक्रार आली की मी आधी विचारतो, "दादा, बिहेवियर बदललाय का कुणी?" बहुतेक वेळा कुणीतरी जांभळा घालवायला तो बदललेला असतो. असे पार मुळातल्या एचटीपीवर परत आणा आणि सोलो फ्रेम वापरा.

बिहेवियर बदलल्यावर ग्रँड मास्टर (सगळ्या दिव्यांचा उजेड एकदम कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढून एकदा बघाच: सगळे दिवे मंद होतायत का? एखादा जागचा हलत नसेल तर त्याच दिव्याच्या सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे.

मॉडिफायर: जपून

त्याच खिडकीतला तिसरा रकाना मॉडिफायरचा. बाहेर जाणारा आकडा तो एका वक्रावरून फिरवून पाठवतो: उलटा करून, ठरावीक पातळीपर्यंत शून्य ठेवून, किंवा सुरुवात सौम्य आणि शेवट चढा असा. याचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो. हॅलोजनचे जुने हजार वॅटचे पार डिमरवर असतील तर फिलामेंट किंचित गरम ठेवायला. उलट्या टांगलेल्या हेडचा टिल्ट आरशासारखा उलटवायला, पण हेडच्या स्वतःच्या मेनूत ती सोय असेल तर तिथेच करा. आणि रिलेवर (नुसतं चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या वस्तूला 'अर्ध्याच्या वर चालू, खाली बंद' असं स्पष्ट सांगायला.

रिलेवरून आठवलं. धुराचं यंत्र, पंखा, पडद्याची मोटर यांपैकी काहीही डिमर चॅनलला जोडू नका. मोटर डिमरवर गुरगुरते, तापते आणि जळते. त्यांना रिले किंवा स्विच पॅक द्या, चॅनलची 'कॅन फेड'ची खूण काढा आणि तो ग्रँड मास्टरखाली मंद होणार नाही याची खात्री करा.

एक अपेक्षा मात्र मॉडिफायरकडून ठेवू नका. स्वस्त एलईडी पारमध्ये लांब फेडच्या शेवटी उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, तो मॉडिफायरनं गुळगुळीत होत नाही. तीस सेकंदांच्या फेडमध्ये २५५ पायऱ्या म्हणजे एक पायरी साधारण ०.१२ सेकंदाची. वरच्या टोकाला हे कळतही नाही, पण २ वरून १ वर येताना आकडा अर्धा होतो आणि डोळ्याला ती पायरी दिसते. वक्र बदलला तरी पायऱ्या वाढत नाहीत. दिव्याच्या मेनूत डिमर कर्व्ह किंवा डिमर स्पीड असेल तर तो सौम्य करा, कारण तो दिव्याच्या आत दोन आकड्यांमधली दरी भरून काढतो. तो नसेल तर शेवटचा भाग थोडा जलद उतरवा, नाहीतर तो प्रसंग हॅलोजनवर ठेवा.

मग हे पुन्हा पुन्हा का होतं

आता मूळ प्रश्नाकडे. गेल्या प्रयोगाला सगळ्या खुणा नीट केल्या होत्या, फाइल तीच आहे, मग आज परत स्ट्रोब का?

कारण 'कॅन फेड', बिहेवियर आणि मॉडिफायर ही तिन्ही सेटिंगं शोच्या फाइलमध्ये त्या त्या फिक्स्चरच्या नावावर साठवलेली असतात, तीही चॅनलच्या क्रमांकानुसार. दिव्याच्या व्याख्येत (त्या मॉडेलच्या चॅनलांची माहिती असलेल्या फाइलमध्ये) ती नसतात. नव्या नाट्यगृहात वेगळे दिवे मिळाले म्हणून तुम्ही जुनं फिक्स्चर पुसलं आणि नवं टाकलं की त्या खुणाही पुसल्या गेल्या. नवं फिक्स्चर कोरं, सगळे चॅनल पुन्हा फेड होणारे. मोड बदललात तर आणखी फसवं. सात चॅनलच्या मोडमध्ये पाचवा स्ट्रोब होता म्हणून पाचव्याची खूण काढली होती. आता आठच्या मोडमध्ये पाचवा पांढरा आहे. तेव्हा पांढऱ्यासमोर खूण नाही आणि स्ट्रोबसमोर आहे असं होऊ शकतं, तेही बघून घ्या.

दुसरं म्हणजे, फिक्स्चर पुसलं की सीनमधले त्याचे आकडेही जातात. ते टाळायला रीमॅपची सोय वापरा: जुन्या दिव्याचे चॅनल नव्या दिव्याच्या चॅनलांना जोडता येतात आणि सीन टिकतात. रीमॅपनंतर शटरचे आकडे नव्या दिव्याच्या पट्ट्यांशी जुळतात का ते मात्र हातानंच बघावं लागतं. एका हेडमध्ये २५५ म्हणजे उघडं, दुसऱ्यात स्ट्रोबचं शेवटचं टोक.

त्यामुळे क्रम असा धरा. पॅच आणि मोड नक्की होईपर्यंत चॅनल प्रॉपर्टीजला हात लावू नका. ते झालं की लगेच, पहिला सीन बनवण्याआधी, खुणा करा. आणि दिव्यात काहीही बदल झाला, अगदी आयत्या वेळी एक पार बदलला तरी, ती खिडकी पुन्हा उघडून बघा. नाट्यगृहात लाइट लावायला मोजका वेळ मिळतो, पण या खिडकीला त्यातली पाच मिनिटं राखून ठेवणं परवडतं.

खरोखर तारेचाच दोष असेल तेव्हा

सगळे दिवे एकदम, कुठल्याही क्यूशी संबंध नसताना, अधूनमधून फडफडत असतील तर मात्र तारेकडे वळा. डीएमएक्सची (दिव्यांपर्यंत हे आकडे नेणाऱ्या पद्धतीची) केबल १२० ओहमची असते. माइकची केबल दिसायला तशीच, जोडही तेच, पण ती वेगळ्या कामाची. दोन-चार दिव्यांत चालून जाते, लांब ओळीत दगा देते. ओळीतल्या शेवटच्या दिव्याच्या आउटपुटला टर्मिनेटर लावा: एक्सएलआर जोडाच्या नराच्या २ आणि ३ क्रमांकांच्या पिनांमध्ये १२० ओहमचा पाव वॅटचा रोध. सुट्या भागांच्या दुकानात तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. एका ओळीत ३२ हून अधिक दिवे नकोत, पुढे स्प्लिटर (संदेश वेगवेगळ्या ओळींत वाटून देणारी डबी) घ्या, आणि वाय आकाराच्या जोडण्या करू नका.

एक कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. स्वस्त पारांमध्ये मास्टर-स्लेव्ह सोय असते, म्हणजे एक पार बाकीच्यांना चालवू शकतो. त्यातला एखादा स्वयंचलित किंवा आवाजावर चालणाऱ्या मोडमध्ये राहिला, तर तो स्वतःच तारेवर संदेश सोडू लागतो आणि तुमच्या लॅपटॉपच्या संदेशाशी त्याची टक्कर होते. अशा वेळी एका दिव्यापायी पूर्ण ओळ वेड्यासारखी वागते. ओळ मधून तोडून अर्धे-अर्धे दिवे चालवून बघा, तो चटकन सापडतो. ढोल-ताशा सुरू झाल्यावरच फडफड वाढत असेल तर शंकाच नको, कुठलातरी पार आवाज ऐकतोय.

दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल नेताना

शेवटचा प्रकार सर्वांत घाबरवणारा असतो. ग्रँड मास्टर खाली ओढला की हेड मंद होण्याऐवजी माना वळवतात. ऑपरेटरला वाटतं यंत्र गेलं. घडलेलं असतं ते असं: मूळ लॅपटॉपवर त्या हेडची व्याख्या कुणीतरी फिक्स्चर एडिटरमध्ये स्वतः बनवली होती. शोची फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या लॅपटॉपवर आणली, व्याख्येची फाइल आणली नाही. फाइल उघडताना एक इशारा आला असेल, तो घाईत बंद केला गेला. व्याख्या सापडली नाही म्हणून सॉफ्टवेअरनं त्या दिव्याला तेवढ्याच चॅनलचा साधा डिमर मानलं. म्हणजे पॅनही प्रखरतेचा, टिल्टही, शटरही. सगळे एचटीपी, सगळे ग्रँड मास्टरखाली. मास्टर खाली आला, पॅनचा आकडा खाली आला, मान वळली.

अशा अवस्थेत फाइल सेव्ह करू नका, नाहीतर दिव्याचं खरं नाव आणि मोड दोन्ही हरवतील. बंद करा, मूळ लॅपटॉपवरून .क्यूएक्सएफ ही व्याख्येची फाइल घ्या आणि नव्या लॅपटॉपवर वापरकर्त्याच्या क्यूएलसी प्लस फोल्डरमधल्या फिक्स्चर्स या फोल्डरमध्ये ठेवा. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि मगच .क्यूएक्सडब्ल्यू ही शोची फाइल उघडा. इशारा आला नाही, फिक्स्चरच्या यादीत चॅनलांची नावं नीट दिसली, चॅनल प्रॉपर्टीजमध्ये खुणा जागेवर असल्या आणि ग्रँड मास्टर ओढल्यावर माना स्थिर राहिल्या, की तालीम सुरू करायला हरकत नाही.